चोविसातली वजाबाकी

नागपुरात नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागलेल्या अकरावी-बारावीच्या मुलाचा एक साधा दिवस कागदावर मांडून बघा. क्लास ६ तास. त्यापुढे डाऊट काउंटर नाहीतर सक्तीची अभ्यासिका, दीड तास. पारडीकडून प्रजापतीनगरला येऊन मेट्रोने शंकरनगर गाठणे आणि संध्याकाळी परतणे, किंवा मानेवाड्याहून 'आपली बस'ने धरमपेठ, पायपिटीसकट दीड तास. झोप ७ तास. आंघोळ, नाश्ता, दोन वेळचं जेवण, कपडे धुणं, घरी फोन, थोडं नुसतं पडून राहणं मिळून ३ तास. बेरीज १९. उरले ५. त्यातले २ तास रोजच्या डीपीपीला, म्हणजे तिन्ही विषयांच्या सरावपत्रिकांना. हातात राहतात ३ तास. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं वाचायची, वही पुरी करायची आणि मागच्या आठवड्याचा बॅकलॉग काढायचा तो यातच.

यात कॉलेज धरलेलं नाही. अकरावी विज्ञानाचे तास आणि प्रॅक्टिकल मिळून ५ तास घातले की तिनातून पाच वजा करावे लागतात. उणे दोन तास कुठून आणायचे? पहिल्यांदा झोपेतून, ते नाही जमलं की कॉलेजातून. डमी प्रवेशाला, म्हणजे कॉलेजात नुसतं नाव घालून दिवस क्लासमध्ये काढायला, सगळे चोरवाट म्हणतात. पण पालकाला ती चोरी वाटत नाही, कारण त्याने ही वजाबाकी करून पाहिलेली असते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून येऊन इथे खोली करून राहणाऱ्या मुलाच्या बापाला तर कॉलेज म्हणजे बारावीच्या फॉर्मवर सही करणारं ऑफिस, एवढंच ठाऊक असतं.

म्हणूनच हजेरीचे उपाय फसत आले. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करायचा आदेश काढला, त्यात नागपूर विभागही होता. यंत्र अंगठा मोजतं, अभ्यास मोजत नाही. दिवसाचं गणित जुळत नाही तोवर यंत्र चालू ठेवण्यात ना पालकाला रस, ना कॉलेजला, ना क्लासला. तिघांनाही नको असलेला नियम कोण पाळणार?

मुद्दा इतकाच, की डमी प्रवेश बंद करायचा असेल तर हात कॉलेजच्या हजेरीला घालून भागणार नाही, क्लासच्या तासांना घालावा लागेल. आणि क्लासचे तास कमी केले तर तयारी कच्ची राहील ही भीती हिशेबात टिकत नाही.

आधी नियम बघू. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवणी नको. शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास नको. आठवड्याची एक सुट्टी हवी, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यामागे निदान १ चौरस मीटर जागा हवी. १६ वर्षांखालच्यांना किंवा दहावीची परीक्षा झालेली नसणाऱ्यांना प्रवेश नको. मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. या सूचना कायदा नव्हेत. अंमल राज्यांनी करायचा, म्हणजे करायचा असेल तर करायचा.

यातला ५ तासांचा नियम चुकवणं अगदी सोपं आहे, त्याला लबाडीसुद्धा लागत नाही. वेळापत्रकात शिकवणीचे तास पाचच दाखवायचे. डाऊट सेशन 'ऐच्छिक', पण तिथे नाव नसलं तर घरी मेसेज. संध्याकाळची अभ्यासिका 'सुविधा', पण तिची वेगळी हजेरी. आणि आठवड्याची सुट्टी? ती रविवारी असतेच. फक्त त्याच दिवशी टेस्ट असते. म्हणून नियम लिहिताना मुलगा क्लासच्या दारातून आत गेला तिथपासून बाहेर पडला तिथपर्यंतचा वेळ धरायला हवा. विषय शिकवले की शंका सोडवल्या, हा त्या इमारतीचा अंतर्गत मामला झाला.

अभ्यासक्रमच एवढा मोठा आहे, असं क्लासवाले सांगतात. खरंच किती मोठा? नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राचे २० घटक, रसायनशास्त्राचे २०. जीवशास्त्राचे घटक १० असले तरी ते एनसीईआरटीच्या धड्यांनुसार मोजणं बरं: पुस्तकं छाटल्यानंतर अकरावीचे १९ आणि बारावीचे १३, एकूण ३२. तिन्हींची बेरीज ७२. आता दिवसाला फक्त ३ तास, आठवड्याला ६ दिवस, वर्षाला ४० आठवडे शिकवलं, तर वर्षाचे ७२० आणि दोन वर्षांचे १,४४० तास होतात. भागिले ७२. एकेका घटकाला सरासरी २० तास येतात. जैवरेणूंचा धडा यातल्या निम्म्यातही होतो, घूर्णन गतीला तीस लागतील. भरपाई आपसात होते. दिवसाचे ३ तास पुरतात. सहा तास लागतात ते माहितीपत्रकाला. 'रोज सहा तास शिकवणी' हे फी मोजणाऱ्याला कळतं, 'रोज तीन तास शांतता' हे विकत कोण घेणार! पालकही इथे निर्दोष नाहीत. लेकरू खोलीवर एकटं काय करत असेल ही धास्ती त्यांना असतेच, म्हणून मुलगा शक्य तितका वेळ क्लासच्या भिंतीत असावा, असं त्यांनाही वाटतं.

रिपीटरकडे, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष 'ड्रॉप' घेऊन पुन्हा नीट देणाऱ्याकडे, बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. त्याला कॉलेज नाही, बोर्ड नाही, प्रॅक्टिकलची वही नाही. तेच शिक्षक, तेच मॉड्यूल, तीच टेस्ट सिरीज, पण त्याच्या दिवसाची वजाबाकी उण्यात जात नाही. 'खरी तयारी ड्रॉपमध्येच होते' हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत ऐकायला मिळेल. त्याचा अर्थ असा, की दोन वर्षांची म्हणून विकलेली तयारी दोन वर्षांच्या घड्याळात बसत नाही, आणि तिसऱ्या वर्षाची फी वेगळी पडते.

तास वाचले तर ते कुठे घालायचे? सगळ्यात आधी टेस्टच्या दुसऱ्या दिवसात.

नीटचा पेपर ७२० गुणांचा, १८० प्रश्नांचा: जीवशास्त्र ९०, भौतिक ४५, रसायन ४५. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. २०२१ ते २०२४ दरम्यान २०० पैकी १८० सोडवायची मुभा होती. २०२५ पासून ती गेली. सगळे १८० प्रश्न आवश्यक आणि वेळ १८० मिनिटं. क्लासची रविवारची टेस्ट याच साच्यात होते. रात्री ॲपवर गुण आणि रँक येते, सोमवारी सकाळी साडेसातला नवा धडा सुरू. चुकलेल्या प्रश्नांचं काय झालं? सोल्यूशनची पीडीएफ येते. ती डाऊनलोड होते आणि तशीच पडून राहते.

समजा १८० पैकी ६० प्रश्न चुकले किंवा सुटले. एकेकाला ३ मिनिटं दिली तरी १८० मिनिटं होतात. म्हणजे टेस्टला जितका वेळ लागला तितकाच तिच्या तपासणीला हवा. आणि ती तपासणी म्हणजे बरोबर पर्याय बघून मान डोलावणं नव्हे. चुका निदान चार ढिगांत टाकाव्या लागतात. माहीतच नव्हतं. माहीत होतं, पण आठवलं नाही. 'चुकीचे विधान ओळखा' असताना बरोबर विधान शोधत बसलो. आकडेमोडीत किंवा एककात घसरलो. चारही ढिगांचं औषध वेगळं आहे. पहिल्याला पुस्तक, दुसऱ्याला सात दिवसांनी पुन्हा वाचन. तिसऱ्याला प्रश्नातल्या नकाराखाली पेनने रेघ ओढायची सवय. चौथ्याला सोडवणं सुरू करण्याआधीच सगळ्या राशी एका एककात लिहून घेणं. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, मीटर करायचं राहून जातं. क्षेत्रफळ १०,००० पटीने चुकतं, आणि ते चुकीचं उत्तर पर्यायांत हमखास असतं. पेपर काढणारा तुमच्याइतकाच हुशार आहे. आपल्याकडे या चारही ढिगांवर 'सिली मिस्टेक' अशी एकच चिठ्ठी चिकटवतात आणि पुढच्या रविवारी तेच प्रश्न नव्या आकड्यांनी पुन्हा चुकतात.

उणे गुणांचंही तसंच. क्लासमध्ये 'अंदाजाने गोल काळे करू नका' एवढंच सांगतात. गणित थोडं वेगळं आहे. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरीने पाव गुणाचा फायदाच होतो: चारात एकदा ४ मिळतात, तीनदा १ जातो. तोटा सुरू होतो तो पाच अंदाजांत एकही बरोबर येईनासा झाला की. आणि अर्धवट माहिती असलेल्या मुलाचं नेमकं हेच होतं. दोन पर्याय ओळखीचे वाटतात, त्यातला फसवा जास्त ओळखीचा. म्हणून त्याचा 'विचारपूर्वक' अंदाज डोळे मिटून लावलेल्या अंदाजापेक्षा वाईट ठरू शकतो. स्वतःचं काय होतं हे कळायला एकच मार्ग आहे: टेस्टमध्ये अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नापुढे छोटी टिंबं द्यायची आणि नंतर किती टिंबं बरोबर आली ते मोजायचं. दहा टेस्टनंतर विषयवार आकडा हातात येतो. जीवशास्त्रात अंदाज लावावा आणि भौतिकात सोडून द्यावं, किंवा उलटं, हे मग त्याचं त्याला समजतं. या मोजणीला शिक्षक लागत नाही. मोकळे तीन तास मात्र लागतात.

ओएमआरचाही, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेचाही, हिशेब कुणी सांगत नाही. एक गोल नीट भरायला ५ सेकंद धरले तर १८० गोलांना १५ मिनिटं. काळ्या बॉलपेनची खूण पुसता येत नाही, एका प्रश्नाला दोन गोल भरले की ते चूक धरतात. आठवडाभराच्या छोट्या टेस्ट मोबाईलवर किंवा टॅबवर होतात, तिथे बोटाने टिचकी मारली की झालं. म्हणजे ज्या १५ मिनिटांवर भौतिकाचे दहा-बारा प्रश्न तरतात, ती सरावात कुठे दिसतच नाहीत. सगळे गोल शेवटी भरायला ठेवणारा मुलगा ८७ वा प्रश्न सोडून देतो, ८८ चं उत्तर ८७ वर जातं, आणि तिथून पुढची सगळी रांग एक घर सरकते. प्रश्नपत्रिकेचं एक पान संपलं की त्या पानाचे गोल भरायचे, ही साधी शिस्त आहे. कागदावर किमान पंधरा-वीस पूर्ण पेपर दिल्याशिवाय ती हातात बसत नाही.

यातच नागपूरचं ऊन मिसळा. नीट बहुतेक वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारी होत आली आहे, दुपारी २ ते ५. दार दीड वाजता बंद होतं, त्यामुळे मुलं अकरा-साडेअकरापासून रांगेत. पारा ४३-४४ वर. बूट चालत नाहीत, लांब बाह्या चालत नाहीत, पारदर्शक पाण्याची बाटली तेवढी चालते. क्लासच्या टेस्ट मात्र सकाळी, एसी हॉलमध्ये. वर्षभर ज्याचा मेंदू सकाळी आठला तापतो, त्याला परीक्षेच्या दिवशी जेवणानंतरच्या सुस्तीत कूलरच्या घरघरीत पेपर सोडवायचा असतो. मार्चपासूनच्या सगळ्या पूर्ण टेस्ट दुपारी २ ते ५ घ्याव्यात, जेवण साडेदहाला उरकून. याला एक रुपया खर्च नाही. तरी होत नाही, कारण दुपारचा हॉल दुसऱ्या बॅचला दिलेला असतो.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाच्या दिवसातून आणखी एक तास जातो, तोही कुठल्या वेळापत्रकात नाही. वर्गात शिकवणं इंग्रजी-हिंदी मिश्रित. परासरण आणि विसरण यांतला फरक त्याला पक्का ठाऊक असतो, पण ऑस्मोसिस आणि डिफ्यूजन ऐकून ते डोक्यात जुळायला क्षण जातो, तोवर फळ्यावर पुढची ओळ आलेली असते. नीट मराठीतूनही देता येते. प्रश्नपुस्तिका मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळते आणि शंका आली तर इंग्रजी पाठ ग्राह्य धरतात. म्हणजे इंग्रजी शब्दांपासून सुटका तिथेही नाही. पहिले तीन महिने या मुलांना शब्दांसाठी वेगळा वेळ द्यायला हवा. मिळते ती खालची बॅच. दर टेस्टनंतर गुणांनुसार बॅच बदलण्याची ही पद्धत चुकीची आहे, असं २०२४ च्या सूचना सांगतात आणि २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. फळ्यावरच्या याद्या अजून तशाच लागतात.

आता कॉलेजकडे. कॉलेजचे पाच तास परत आणा असं म्हणताना तिथे आणण्यासारखं काय आहे, हे प्रामाणिकपणे विचारायला हवं. व्याख्यानं? ती क्लासमध्ये बहुधा बरी होतात. कॉलेजकडे एकच गोष्ट अशी आहे जी क्लासकडे नसते: प्रयोगशाळा. आणि २०२४ पासूनच्या नीट अभ्यासक्रमात तीच मागच्या दाराने आत आली आहे. भौतिकाचा २० वा घटक प्रायोगिक कौशल्यांचा, रसायनाचा २० वा प्रात्यक्षिक रसायनाच्या तत्त्वांचा.

व्हर्नियर कॅलिपर घ्या. दोन्ही जबडे मिटले तरी व्हर्नियरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे पडतं. धन त्रुटी, मोजमापातून वजा करायची. हे वाक्य पाठ केलेला मुलगा पेपरात 'वजा की अधिक' यात अर्धा मिनिट घालवतो. ज्याने एकदा तो घासलेला कॅलिपर हातात धरून, मिटलेल्या जबड्यांतसुद्धा ०.०३ सेंमी वाचलेलं आहे, त्याला विचारच करावा लागत नाही. काही नसताना जे दिसलं ते काढून टाकायचं, बस.

किंवा पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये विरल सल्फ्युरिक ॲसिड घालून ते ६०-७० अंशांपर्यंत गरम करायचं, इतकं की शंकुपात्राची मान हाताला चटका देते. थंड पात्रात पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जातच नाही, कारण अभिक्रिया सुरुवातीला मंद असते, आणि घाई करणारा तोच अंतिम बिंदू समजून मोकळा होतो. ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. ऑक्झॅलिक ॲसिडऐवजी मोहर सॉल्ट, म्हणजे लोहाचा फेरस क्षार, घेतलं तर मात्र गरम करायचं नाही, हवेने फेरस आयन आधीच बिघडतात. द्रावण गर्द जांभळं, त्यामुळे ब्युरेटमधलं वाचन वरच्या काठावर घ्यायचं. पाण्यासारख्या द्रावणात खालचा बाक बघतात. वेगळा दर्शक लागत नाही. या एका प्रयोगात सहा-सात बहुपर्यायी प्रश्न दडलेले आहेत, आणि दोनदा केला की ते पाठ करावे लागत नाहीत. डमी प्रवेश घेतलेला मुलगा हेच सगळं फोटोकॉपीवरून पाठ करतो आणि फेब्रुवारीत दुसऱ्याचं जर्नल उतरवून ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा देतो. पुढे जाऊन याच मुलाला मेडिकल चौकातल्या, नाहीतर मेयोतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पिपेट धरायची आहे.

तेव्हा मांडणी अशी करता येईल. सकाळी कॉलेज, पण चार तासच, त्यात आठवड्याला तीन प्रॅक्टिकल. दुपारी घरी नाहीतर खोलीवर जेवण आणि झोप. संध्याकाळी ४ ते ७ क्लास, दारापासून दारापर्यंत ३ तास. रविवारी टेस्ट असेल तर सोमवारी क्लास नाही, तो दिवस चुकांचा. पुन्हा बेरीज करा: कॉलेज ४, क्लास ३, प्रवास २, झोप ७, बाकीचं ३. एकोणीसच. उरलेल्या पाचांतून डीपीपीचे दोन गेले की हातात पुन्हा तीन तास, आणि यात कॉलेज धरलेलं आहे. हे एकट्या क्लासने करायचं म्हटलं तर शेजारचा सहा तासांचं माहितीपत्रक छापून मुलं ओढून नेईल. म्हणून नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाला पाहिजे, आणि तो राज्याने केला पाहिजे.

आणि कॉलेजची तपासणी? अंगठ्याचं यंत्र ठेवा बाजूला. शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या माणसाने सरळ प्रयोगशाळेत जाऊन दोन वह्या मागाव्यात. एक रसायनांच्या साठ्याची. एका टायट्रेशनला तीन वाचनं, प्रत्येकी १० मिलिलिटरच्या आसपास, शिवाय ब्युरेट धुवायला थोडं. ८० मुलांच्या तुकडीला एका प्रयोगाला तीन-साडेतीन लिटर परमँगनेट लागतं. ते कधी बनवलं आणि पावडर कधी विकत घेतली, हे वहीत दिसेल. दुसरी वही फुटतुटीची. सोळा वर्षांची मुलं खरोखर काम करत असतील तर वर्षात दोन-चार ब्युरेटची टोकं आणि डझनभर परीक्षानळ्या फुटतातच. ज्या कॉलेजात काहीच फुटलेलं नाही, तिथे कुणी आलेलं नाही. फक्त ही फेरी नोव्हेंबर-डिसेंबरात काढावी. जानेवारी संपता संपता, प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर, सगळ्यांच्याच बरण्या भरलेल्या असतात.